कुंडलिकेवर डकी: मुंबईहून एका दिवसाची कयाक सहल कशी आहे?

निकाल आधीच सांगून टाकतो. नदी उत्तम, गाइड चांगले, बोटी ठीक. जॅकेटांची मापं, बोटीतली हवा आणि कपडे बदलायची सोय यांत मात्र मार खाल्लाय. पाचपैकी साडेतीन.

हे परीक्षण रायगड जिल्ह्यातल्या कुंडलिका नदीवरच्या, कोलाडच्या एका मध्यम आकाराच्या आयोजकाच्या डकी सहलीचं आहे. डकी म्हणजे हवा भरलेली रबरी कयाक. आयोजकाचं नाव दिलेलं नाही, कारण मोसमात गाइड आणि बोटी एकाकडून दुसऱ्याकडे जात असतात आणि पाटीवरच्या नावावरून त्या दिवशी पदरात काय पडेल ते कळत नाही. नदी सगळ्यांची एकच, बोटीही थोड्याफार फरकाने सारख्याच. एक आयोजक दुसऱ्यापेक्षा बरा की वाईट हे ठरतं बोट पाण्यात ढकलण्याआधीच्या पाऊण तासात. तेव्हा काय बघायचं आणि काय मागून घ्यायचं, यावरच इथे जास्त लिहिलंय.

पाणी कुठून येतं हे आधी समजून घ्या, म्हणजे आयोजक पहाटे का बोलावतो यावर चिडचिड होणार नाही. पावसाळ्यात कर्जतकडे उल्हास नदीवरही राफ्ट (गटाने वल्हवायच्या हवेच्या मोठ्या बोटी) उतरतात, पण पाऊस सरला की तिथे गोटेच उरतात. कुंडलिकेचं तसं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीचं धरण आहे. तिथलं पाणी खरं तर कृष्णा खोऱ्यातलं, पूर्वेला जाणारं. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आणलं जातं. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून चालू आहे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा केला, तेच हे पाणी. जनित्रं फिरवून झाली की ते कुंडलिकेत येतं, आणि त्या सुटलेल्या पाण्यावर राफ्ट आणि कयाक चालतात.

म्हणजे नदीचं वेळापत्रक विजेच्या मागणीवर ठरतं. पाणी बहुतेक वेळा सकाळी सुटतं. जनित्रं थांबली की पातळी उतरायला लागते, आधी काठचे गोटे उघडे पडतात, मग मधले. उशिरा पोचलेल्या गटाला शेवटचं पातळ पाणी मिळतं: बोटीचा तळ घासतो, लाटा बसतात, दर पाच मिनिटांनी उतरून बोट ओढावी लागते. 'दुपारची बॅच' विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: दुपारी पाणी कुठून येणार? क्वचित एखाद्या दिवशी पाणी सुटतच नाही. या आयोजकाने आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नक्की वेळ कळवली आणि पाणी न सुटल्यास दुसरी तारीख किंवा पूर्ण पैसे परत, हे लेखी दिलं. इथे पूर्ण गुण.

मुंबईहून जायचं तर दादरपासून कोलाड साधारण १२० किलोमीटर. सायन-पनवेल, पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा मुंबई-गोवा महामार्ग, आणि कोलाडला आत वळून नदीचा वरचा भाग. अंतर ऐकून दोन तासांचा हिशेब करू नका. हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. साडेआठला हजर व्हायचं तर दादरहून पाचला निघा, बोरिवली-ठाण्याहून साडेचारला. शिवडीजवळ राहत असाल तर अटल सेतूवरून चिरल्याला उतरून पेण गाठा, पनवेलचा गुंता टळतो. रविवारी परतताना चार वाजल्यानंतर वडखळला अलिबागहून येणारी गर्दी मिळते. त्या वेळी वाकणहून पाली-खोपोलीमार्गे द्रुतगती महामार्ग धरणं बरं. अंतर वाढतं, डोकं शांत राहतं. रेल्वेने रोहा आणि पुढे रिक्षा हा पर्याय कागदावर छान दिसतो, पण सकाळच्या पाण्याशी त्याची वेळ जमत नाही.

वाटेत न्याहारी हलकी, आणि पाण्यात उतरण्याच्या दीड-दोन तास आधी. पेणला मिसळपाव आणि वर वडा खाऊन आलेला माणूस पहिल्या रॅपिडनंतर (खळाळत्या उतारानंतर) हिरवा पडलेला दिसतो.

बोटी

इथे तीन प्रकारच्या कयाक दिसतात. बंधाऱ्याच्या साचलेल्या पाण्यात फिरवायला जाड प्लास्टिकच्या, वर बसायच्या. त्या धावत्या पाण्यासाठी नाहीत, आणि 'कयाकिंग' म्हणून तेवढंच विकणारेही आहेत, म्हणून आरक्षण करताना नीट विचारा. दुसऱ्या, कडक प्लास्टिकच्या नदीच्या कयाक: अडीच मीटरच्या आसपास लांब, कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे बोटीत पाणी शिरू न देणारं आवरण. उलटल्यावर पाण्याखालून वल्ह्याने बोट सरळ करता येणाऱ्यांनाच त्या द्याव्यात. या आयोजकाने नवख्यांना त्या साफ नाकारल्या. एका ग्राहकाने जास्त पैसे देऊ केले तरीही. शाबास.

तिसरी डकी. तिला तीन स्वतंत्र कप्पे असतात: दोन बाजूच्या नळ्या आणि तळ. एक फुटला तरी बोट बुडत नाही. तळाच्या कडेने भोकं असतात, त्यातून आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. ती भोकं पाहून घाबरणारे असतात. उलट, भोकं नसलेली बोट दिली तर घाबरा, कारण लाटेत भरलेलं शंभर लिटर पाणी घेऊन कोणीच वळवू शकत नाही.

डकीचा सगळा जीव हवेत. बाजूच्या नळ्यांत साधारण २ ते २.५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब लागतो, तळात बोटीच्या बनावटीप्रमाणे वेगळा. व्हॉल्व्हजवळ छापलेला आकडा अंतिम. दाबमापक नसेल तर अंगठा जोरात दाबा: नळी जेमतेम दबली पाहिजे. आणि इथेच या आयोजकाची चूक होती. बोटी तळावर उन्हात फुगवून टेम्पोवर लादून आणल्या. तापलेली हवा गार पाण्यात टेकली की आकसते आणि दाब उतरतो. म्हणून बोट पाच-दहा मिनिटं पाण्यात ठेवून पुन्हा पंप मारायचा असतो. तो कोणी मारला नाही. पाचपैकी दोन बोटी मऊ होत्या. मऊ बोट लाटेवर मधेच दुमडते, नाक वर चढण्याऐवजी लाटेत घुसते, आणि मागे बसलेल्याने कितीही वल्हवलं तरी ती वळायचं नाव घेत नाही. ग्राहक समजतो आपल्याला जमत नाहीये. सांगितल्यावर गाइडने लगेच पंप काढला, पण सांगावं लागलं. याच्या उलट, मधल्या थांब्यावर टणक बोट भर उन्हात काठावर टाकून ठेवू नका. हवा फुगून शिवण सुटते. अर्धी पाण्यात, अर्धी सावलीत ठेवायची.

बसल्यावर पाय कुठेतरी टेकलेच पाहिजेत, आडव्या नळीखाली किंवा पायपट्टीवर. पाय लोंबकळत असतील तर जोर फक्त खांद्यांतून निघतो आणि तासाभरात खांदे संपतात. आसनाचा पट्टा कमरेला घट्ट, मांड्यांचे पट्टे असल्यास नवख्यांनी न लावलेलेच बरे. बोटीत सुटी दोरी, ओढणी, पाण्याच्या बाटलीचा लांब पट्टा यांतलं काही नको. उलटल्यावर पाय अडकतो तो यातच.

वल्ही ॲल्युमिनियमच्या दांड्याची, प्लास्टिकच्या पात्यांची, दोन तुकडे जोडून होणारी, २१० सेंटीमीटरच्या आसपास. डकी रुंद असते, त्यामुळे एवढी लांबी योग्य. जोडावरचं बटण पूर्ण बाहेर आलंय का ते बघा आणि दोन्ही हातांनी पिळून पाहा. गंजलेलं अर्धवट बसलेलं बटण रॅपिडच्या मधोमध सुटतं. नवख्यांसाठी दोन्ही पाती एका रेषेत ठेवावीत. इथे काही वल्ही तिरप्या पात्यांच्या भोकावर बसवलेली होती आणि लोक 'पाणी कापलं जातंय' म्हणून तक्रार करत होते. ते पातं आडवं पडत होतं, दुसरं काही नाही.

जॅकेट आणि हेल्मेट

हा भाग सगळ्यांत कच्चा. जॅकेटं दोनच मापांची होती. आयएसओ १२४०२ या मानकात ५० न्यूटन तरंगवण्याच्या जोराचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठीचं मदतीचं साधन मानतात आणि १०० न्यूटनचं खऱ्या अर्थाने जीवरक्षक. धावत्या पाण्यात फेस असतो, फेसात हवा असते आणि हवा मिसळलेल्या पाण्यावर माणूस कमी तरंगतो. म्हणून ५० वर समाधान मानू नका, विशेषतः पोहता येत नसेल तर. आकडा आतल्या पट्टीवर छापलेला असतो. पट्टीच उरली नसेल तर जॅकेट किती जुनं आहे ते आपोआप कळलं.

मापाची परीक्षा सोपी आहे. सगळे पट्टे खालून वर आवळत जा. मग दुसऱ्याला खांद्यांच्या पट्ट्यांना धरून जोरात वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते तुमचं नाही. सडपातळ मुलींची आणि पंचेचाळीस किलोच्या आतल्या सगळ्यांची इथे पंचाईत होते. जॅकेट कानापर्यंत येतं आणि पाण्यात चेहरा झाकतं. लहान माप मागा, नसेल तर मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं मागा. दोन्ही नसेल तर त्या माणसाने त्या दिवशी राफ्टमध्ये, गाइडच्या जवळ बसावं.

हेल्मेट कपाळ झाकणारं हवं. मागे सरकवून कपाळ उघडं पडत असेल तर लहान करा. युरोपियन मानकाचा ईएन १३८५ हा क्रमांक आत दिसला तर ते वल्हवण्यासाठीच बनलेलं आहे. सायकलचं किंवा बांधकामाचं हेल्मेट चालत नाही. इथली हेल्मेटं योग्य होती, फक्त आतले फोम घामाने कुबट. आपला पातळ रुमाल न्या.

पाण्याआधीचा पाऊण तास

या आयोजकाचे जास्तीत जास्त गुण इथे. नदीवरचे बरेच जण पाच मिनिटांत 'फॉरवर्ड, बॅक, स्टॉप' शिकवून मोकळे होतात. राफ्टमध्ये ते खपून जातं, कारण गाइड मागे बसलेला असतो. डकीत तुमच्याबरोबर गाइड नसतो. इथे पंचवीस मिनिटं काठावर आणि वीस मिनिटं शांत पाण्यात सराव घेतला. गाइडांत एक नेपाळी, एक उत्तराखंडचा, एक स्थानिक. भाषा हिंदी, आज्ञा इंग्रजी. समजण्यात अडचण काही नाही, पण आज्ञा दोनदा म्हणवून घ्या. खळाळात 'राइट' आणि 'रेडी' सारखंच ऐकू येतं.

सरावात किमान या गोष्टी झाल्याच पाहिजेत. सरळ वल्हवणं: पातं पायांजवळ पाण्यात, कमरेपाशी बाहेर, धड फिरवून. वळणं: पातं बोटीपासून लांब, अर्धगोल ओढून. थांबणं: आळीपाळीने उलट वल्हं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मुद्दाम उलटून परत चढणं. हे न शिकवणाऱ्याकडून डकी घेऊ नका. पद्धत अशी: उलटलेल्या बोटीवर झोकून पलीकडचा पट्टा पकडायचा, मागे झुकून वजनाने बोट सरळ करायची. मग बाजूला येऊन पाय पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत मारायचे आणि पोहत पुढे जावं तसं पोट नळीवर ओढून घ्यायचं, मग कूस बदलून बसायचं. बहुतेकांची चूक एकच: पाय खाली लोंबकळत ठेवून नुसत्या हातांनी वर चढायला बघतात. पाय बोटीखाली जातात आणि दम जातो. दोघांची डकी असेल तर एकाने पलीकडून तोल धरावा.

पाण्यात पडल्यावर: उताणे, पाय पुढे, पाय पाण्याच्या वर, पायाची बोटं दिसली पाहिजेत. गुडघ्यापेक्षा खोल धावत्या पाण्यात उभं राहायचं नाही. नदीवर जीव जाण्याची ही नेहमीची रीत आहे: पाय दोन दगडांत अडकतो, पाठीवर पाणी येतं आणि माणूस पुढे दुमडतो. पाणी छातीइतकंच असलं तरी मग उठता येत नाही. बोटीच्या वरच्या प्रवाहाच्या बाजूला राहायचं. खालच्या बाजूला राहिलात तर बोट आणि दगड यांच्या मधे तुम्ही. थ्रो बॅगची (काठावरून फेकायच्या दोरीच्या पिशवीची) दोरी आली तर ती छातीशी धरून, खांद्यावरून घेऊन उताणं व्हायचं. हाताला गुंडाळायची कधीच नाही.

खुणा पक्क्या करून घ्या. वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, डोक्यावर हात म्हणजे मी ठीक आहे, आणि गाइड हाताच्या बोटाने दाखवतो त्या बाजूला जायचं. धोक्याकडे कधीच बोट दाखवत नाहीत. तीन शिट्या म्हणजे मदत हवी.

नदीवर

अंतर साधारण १२ किलोमीटर. रॅपिड लहानमोठे धरून दहा-बारा, आंतरराष्ट्रीय श्रेणीत (एक सोपी, सहा सगळ्यांत अवघड) दोन ते तीन. राफ्टमध्ये श्रेणी दोन म्हणजे हसतखेळत, डकीत तेच पाणी तोंडावर येतं आणि श्रेणी तीनमध्ये नवखा एकदा तरी उलटतोच. ते गृहीत धरून या. वरचा भाग जोरकस, एकामागून एक उतार, मधे दम घ्यायला फार वेळ नाही. खालचा भाग संथ.

पाणी वाचायचा एक नियम पाठ केला तरी पुष्कळ: खाली टोक असलेला गुळगुळीत पाण्याचा बाण दिसला तर तो रस्ता, वर टोक असलेला दिसला तर तिथे दगड. बाणाच्या मधोमध नाक ठेवायचं, पहिल्या लाटेला सरळ भिडायचं आणि वल्हवत राहायचं. नवखे लाट समोर आली की वल्हं छातीशी धरून डोळे मिटतात. बोट तिथेच आडवी होते आणि पुढची लाट तिला उलटवते. उलटण्याचं कारण लाटेची उंची क्वचितच असतं. वल्हं पाण्यात नसणं, हेच बहुतेकदा असतं.

दगडावर आडवी बोट टेकली तर झुकायचं दगडाकडेच, अगदी दगडाला मिठी मारल्यासारखं. मनाचा कल नेमका उलट असतो. दगडापासून दूर झुकलात की प्रवाह येतो त्या बाजूची नळी पाण्याखाली जाते, प्रवाह तिच्यावर बसतो आणि बोट दगडाला लपेटते. मग ती सोडवायला तीन माणसं आणि दोरी.

दगडामागे पाणी उलट फिरतं, त्या शांत जागेला गाइड 'एडी' म्हणतात. विसावा तिथेच. आत शिरताना आणि बाहेर पडताना बोट गर्रकन वळते. सायकल वळवताना झुकतो तसं वळणाच्या आतल्या बाजूला झुका, म्हणजे तोल राहतो. बाहेर ताठ बसून राहिलात तर मुख्य प्रवाह बोटीची प्रवाहाकडची कड खाली ओढतो आणि सगळ्यांत शांत वाटणाऱ्या जागी माणूस पाण्यात जातो. सहलीतल्या अर्ध्या डुबक्या एडीच्या रेषेवरच लागतात.

दोघांच्या डकीत जड माणूस मागे. पुढचा ताल ठरवतो, मागचा दिशा. पुढच्याने दिशा देऊ नये आणि मागच्याने सूचना ओरडू नयेत. घरात कोण सुकाणू धरतं यावरचे वाद कुंडलिकेवर काढणारी जोडपी दर रविवारी पाहायला मिळतात. त्यांनी दोन एकट्या डक्या घ्याव्यात.

सुरक्षेची मांडणी चांगली होती: दहा माणसांच्या पाच डक्या, पुढे एक गाइड, शेवटी कडक कयाकमध्ये दुसरा, आणि मागून राफ्ट. तिसरा गाइड मोठ्या रॅपिडच्या खाली काठावर थ्रो बॅग घेऊन उभा राहत होता, पण एकाच ठिकाणी. निदान दोन ठिकाणी उभा राहायला हवा. बोटी एकेक सोडल्या, आधीची एडीत पोचल्याशिवाय पुढची नाही. हे शिस्तीचं लक्षण आहे. सगळ्या एकदम सोडणाऱ्याला मोसमात पैसे लवकर मिळतात आणि रॅपिडच्या तळाशी सगळी माणसं एकमेकांच्या बोटींवर आदळतात.

शेवटचे तीन-चार किलोमीटर संथ. इथे खरं वल्हवणं कळतं, कारण ढकलायला प्रवाह नाही आणि अकरानंतर समोरून वारा. हाताला फोड येतात. अंगठ्याच्या आतल्या बाजूला आधीच चिकटपट्टी लावा आणि मूठ सैल ठेवा. काही ठिकाणी डक्या राफ्टला बांधून ओढून नेतात किंवा सहल मधेच आवरतात. बाहेर निघायची जागा कोणती, हे पैसे देण्याआधी विचारा. आणखी खाली डोलवहाळला बंधारा आहे. 'जरा पुढे जाऊन येऊ' हा विचार तिथे करायचाच नाही. बंधारा वरून सपाट, निरुपद्रवी दिसतो, आणि त्याच्या पायथ्याचं पाणी उलट फिरून माणसाला धरून ठेवतं. जॅकेट घातलेल्यालाही.

मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सुटलेल्या पाण्यावर ओढ्यांचं पाणी येऊन मिळतं, पातळी तासाभरात चढते, झाडांच्या फांद्या वाहून येतात. तेव्हा डकी नको, राफ्टच बरी, आणि प्रशासनाची बंदी असेल तर तीही नाही. उन्हाळ्यात पाणी असतं, पण ऊन सोसत नाही. याच नदीच्या वरच्या अंगाला भिऱ्यात मार्च २०१७ मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेला होता. मार्चनंतर येणार असाल तर साडेअकरापर्यंत नदीतून बाहेर.

बाकीचं

कपडे लवकर वाळणारे, जीन्स आणि सुती नको. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट. साध्या चपला पहिल्या डुबकीत कोलाडला पोचतात. चष्म्याला दोरी. अंगठी, मंगळसूत्र, लांब कानातलं घरी. सनस्क्रीन मांडीच्या वरच्या बाजूला आणि पावलांवर नक्की लावा, कारण डकीत तेच तासन्‌तास उन्हात असतं. फोन नेऊ नका. मोटारीची किल्ली आणि चष्म्याची दुसरी जोडी गाइडच्या कोरड्या पिशवीत. खांदा कधी निखळला असेल, फिट येत असेल, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर कयाक नाही. आदल्या रात्री प्यायलेल्यांना या आयोजकाने परत पाठवलं नाही. पाठवायला हवं होतं.

जेवण: तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वांग्याची भाजी, वरणभात. गरम, पोटभर. शाकाहारी लोकांचं वेगळं भांडं, वेगळी पळी. तक्रारीला जागा नाही. कपडे बदलायला बायकांसाठी एकच पत्र्याची खोली, खुंटी नाही, दिवा नाही, रांग मोठी. पैसे घेताना 'चेंजिंग रूम आहे' एवढंच सांगतात.

संमतीपत्र फक्त इंग्रजीत. सही करून घेणारा मुलगा घाईत. रायगड जिल्ह्यातल्या नदीवर, निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मराठी असताना, हा कागद मराठीत का नाही, ते कळलं नाही. विम्याचा उल्लेख त्यात होता, रक्कम नव्हती. विचारून लिहून घ्या. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. क्रमांक मागितला की जो लगेच दाखवतो त्याच्याकडे बाकीची कागदपत्रंही सहसा नीट असतात. इथे दाखवला.

डकीचा दर राफ्टपेक्षा जास्त असतो आणि त्यात गैर काही नाही. राफ्टमध्ये आठ जणांमागे एक गाइड चालतो, डकीत तीन-चार जणांमागे एक लागतो. दर राफ्टइतकाच सांगितला तर गाइड किती, हे आधी मोजा. दरात नदीपर्यंतची गाडी, सराव, साहित्य, जेवण हे सगळं धरलंय का तेही विचारा. फोटोंचे पैसे बहुतेकदा वेगळे असतात आणि ते नदीतून ओले बाहेर आल्यावरच सांगतात.

शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. आठवड्यातल्या दिवशी डकीसाठी हा आयोजक किमान चार माणसं मागतो. दोघेच असाल तर राफ्टच्या गटामागे तुमची डकी जोडून देतात, फक्त तेव्हा शेवटी येणारा कयाकवाला गाइड तुमच्यासाठी आहे की राफ्टसाठी, हे फोनवरच ठरवून घ्या.